छोटी मालवाहू गाडी घेण्याआधी वजनाचा आणि हौद्याचा हिशेब कसा करावा

सांगलीच्या मार्केट यार्डात किंवा कराडच्या गॅरेजमध्ये मालवाहू गाडीचा विषय निघाला की आधी किंमत, मग मायलेज आणि शेवटी हप्ता यांची चर्चा होते. माझ्या अनुभवात गाडी चुकण्याचे कारण या तिन्हींत क्वचितच असते. हळद, बेदाणा, गूळ, दूध आणि भाजीपाला वाहणाऱ्यांसाठी गाड्या निवडण्यात मी बरीच वर्षे घालवली आहेत, आणि ज्या सल्ल्याचा मला आता मनापासून राग येतो तो असा : "घ्या हो, दीड टनाची गाडी दोन टन सहज ओढते." इंजिन दोन टन ओढते हे खरे आहे, पण ब्रेक, टायर, मागचा अ‍ॅक्सल (मागची चाके जोडणारा दांडा) आणि आरसी बुकावरचा आकडा यांचे त्या इंजिनाशी काही देणेघेणे नसते.

पायरी १ : आपला माल लिहून काढा

एका नगाचे वजन, त्याची लांबी-रुंदी-उंची आणि हंगामातल्या सर्वांत मोठ्या खेपेतले नग एका कागदावर लिहा. माल जड आहे की फुगीर, हे त्यावरून लगेच कळते. चुरमुऱ्यांची पोती ताडपत्रीला टेकेपर्यंत रचली तरी गाडीच्या वजनाची मर्यादा दूर राहते, म्हणून भडंगाच्या व्यापाऱ्याने लांब आणि उंच हौदा शोधावा. गूळ, हळद किंवा सिमेंट यांचे उलटे आहे. तिथे हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच वजन संपते. वाळूचे उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एवढ्या वाळूचे वजन साधारण साडेचार टन भरते. पिकअपमध्ये "फक्त अर्धा ब्रास" टाकणारा माणूस सव्वादोन टन टाकत असतो.

पायरी २ : खरी भारक्षमता काढा

ही पायरी मला स्वतःला नीट उलगडायला वेळ लागला, म्हणून इथे सावकाश जाऊ.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेला भारक्षमतेचा आकडा आणि "पासिंग किती?" (म्हणजे किती वजन मंजूर आहे) या प्रश्नाला मिळणारे तोंडी उत्तर, दोन्ही बाजूला ठेवा. आरसी बुकावर दोन आकडे असतात : गाडीचे रिकामे वजन आणि मालासह मान्य असलेले एकूण वजन. या दोहोंतला फरक म्हणजे गाडीवर चढू शकणारे सगळे वजन, आणि त्यात मालाखेरीज बरेच काही येते. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात गाडीचे नेहमीचे साहित्य धरले जाते, परंतु चालक आणि मदतनीस धरले जात नाहीत. त्यामुळे केबिनमध्ये बसलेली दोन माणसे तुमच्या मालाच्या वाट्यातूनच वजा होतात.

समजा, एकूण मान्य वजन २,८०० किलो आणि रिकामे वजन १,५०० किलो आहे. फरक १,३०० किलो. चालक आणि हमाल यांचे मिळून १४० किलो वजा केले की १,१६० उरले. ताडपत्री, दोर आणि माल उतरवण्याची ढकलगाडी यांचे ४० किलो गेले, उरले १,१२०. आता उघडा हौदा काढून त्या जागी पत्र्याची बंद पेटी बसवली आणि ती मूळ हौद्यापेक्षा २०० किलोने जड निघाली, तर हाती ९२० किलो राहतात. त्यात भरलेली क्रेट २२ किलोची आणि त्यातली दोन किलो रिकाम्या क्रेटची असतील, तर ४१ क्रेट बसतात आणि विकाऊ भाजी भरते ८२० किलो. भाडे १,३०० किलोच्या हिशेबाने ठरवले असेल, तर धंद्याचे गणित पहिल्याच दिवशी कोलमडते. दूधवाल्यांनीही हेच करावे : ४० लिटर दुधाचे वजन सुमारे ४१ किलो असते आणि कॅनचे वजन त्यावर वेगळे.

सीएनजी गाडी पाहत असाल, तर तिचा कागद स्वतंत्रपणे वाचा. सिलिंडरचे वजन गाडीच्या अंगावरच असल्यामुळे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा मालाला कमी वाव उरतो, आणि विक्रेता बहुधा ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

जुनी गाडी घेत असाल, तर कागदावरही विसंबू नका. टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्या. गाडी चढण्याआधी पडद्यावर शून्य आहे ना ते पाहा, चालकाला खाली उतरवा, पूर्ण गाडीचे वजन घ्या आणि मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून दुसरी पावती घ्या. एकूण वजनातून पुढचे वजा केले की मागच्या अ‍ॅक्सलवरचे वजन मिळते. वाढवलेले फाळके (हौद्याच्या बाजूच्या फळ्या), जाड पत्र्याचा तळ, मागे जोडलेला लोखंडी बंपर, केबिनवरचे कॅरिअर हे सगळे त्या पावतीत दिसते. आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा काटा दीडशे किलो जास्त दाखवत असेल, तर तेवढा माल तुम्ही प्रत्येक खेपेला गमावणार आहात हे धरून किंमत करा किंवा गाडी सोडून द्या.

"दोन पाटे वाढवू, मग बिनधास्त भरा" हा सल्ला तर मी कोणालाही घेऊ देणार नाही. पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या; त्या वाढवल्याने गाडी मागून बसत नाही एवढेच होते. मान्य वजन वाढत नाही, ब्रेक मोठे होत नाहीत, आणि ओव्हरलोड डोळ्यांना दिसायचा थांबतो, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. शिवाय आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करण्यास कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे.

टायरवरचा आकडाही वाचा. टायरच्या मापानंतर येणारा भारांक १०० असेल, तर त्या टायरला ८०० किलो मान्य असतात. ९५ असेल तर ६९० किलो. आधीच्या मालकाने स्वस्तात कमी भारांकाचे टायर चढवले असतील, तर मागच्या दोन चाकांवर मिळून २२० किलोंची ताकद गेलेली असते.

वजन कुठे बसते, हे त्याच पायरीत पाहा

एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,५०० मिलिमीटर आहे आणि १,००० किलो मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ३०० मिलिमीटर पुढे आहे असे धरा. मग १२० किलो पुढच्या चाकांवर आणि ८८० किलो मागच्या चाकांवर येतात. तोच माल मागे सरकून त्याचा मध्य अ‍ॅक्सलच्या २५० मिलिमीटर मागे गेला, तर मागच्या चाकांवर १,१०० किलो येतात आणि पुढची चाके रिकाम्या गाडीपेक्षाही १०० किलोने हलकी होतात. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटातल्या वळणावर अशा गाडीचे स्टिअरिंग हातात हलके लागते, आणि ते लक्षण चांगले नाही.

म्हणून गाडी पाहताना हौद्याच्या लांबीचा मध्य मागच्या चाकाच्या किती पुढे पडतो, हे टेपने मोजा. तो चाकाच्या मागे पडत असेल, तर जड मालासाठी ती गाडी घेऊ नका. बॉडी बांधणारा "मागे एक फूट वाढवून देतो" म्हणाला तरी नको म्हणा. मागे निघालेला भाग चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे, आणि त्या मर्यादेच्या आत राहूनही वरचे गणित बिघडतेच.

पायरी ३ : हौदा आतून मोजा

फाळक्यांच्या आतले माप घ्या, आणि बंद व्हॅन असेल तर चाकांवरच्या फुगवट्यांमधले अंतर व दाराची उंची वेगळी मोजा. क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागून नगांची संख्या काढू नका. हौदा आतून २,२०० बाय १,४८० मिलिमीटर आणि क्रेट ६०० बाय ४०० असेल, तर भागाकार तेरा क्रेट सांगतो. सगळ्या क्रेट लांबीच्या दिशेने उभ्या लावल्या तर नऊच बसतात, सगळ्या आडव्या लावल्या तर दहा. एक ओळ आडवी आणि दोन ओळी उभ्या लावल्या तर अकरा बसतात, आणि सरळ ओळींत लावायच्या तर हीच खरी संख्या. चार रिकाम्या क्रेट घेऊन शोरूममध्ये जा आणि हौद्यात ठेवून पाहा. कोणी हसले तर हसू द्या.

पायरी ४ : वजनाचे कायदे

एकूण मान्य वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यावर लागते. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात मोडते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ मधील निकालानुसार हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक या वजनापर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो.

ओव्हरलोडला कलम १९४ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च तुमचा, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. मार्चच्या उन्हात द्राक्षाच्या पेट्या महामार्गाच्या कडेला उतरवाव्या लागल्या, तर दंडापेक्षा त्या मालाचे नुकसान मोठे असते. वजनासाठी गाडी थांबवण्यास नकार दिला तर दंड ४०,००० रुपये आहे. माल हौद्याच्या बाजूंनी किंवा मागे बाहेर काढून लादला, तर त्यालाही २०,००० रुपये दंड आहे, मग वजन कितीही कमी असो.

पायरी ५ : फार मोठी गाडीही घेऊ नका

वजनाच्या धास्तीने थेट दुप्पट क्षमतेची गाडी घेणारेही भेटतात. मोठ्या क्षमतेच्या गाडीचे पाटे ताठ असतात आणि थोड्या मालावर ते दबतच नाहीत, त्यामुळे खड्ड्याचा सगळा दणका मालाला बसतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी अशा गाडीतून खाली आणली की तळाचे थर दबलेले निघतात. मोठ्यात मोठ्या नेहमीच्या खेपेला जेवढे वजन लागते, त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त वाव पुरेसा आहे. वर्षातून चार दिवस त्याहून जास्त माल निघत असेल, तर त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी लावा.

किंमत, हप्ता, विमा आणि मायलेज यांची तुलना या टप्प्यावर करा. तोवर यादीत दोन-तीनच गाड्या उरलेल्या असतात.

बॉडी बांधून झाल्यावर आणि ताबा घेण्याआधी गाडी पुन्हा एकदा रिकामी काट्यावर न्या. बॉडीवाल्याने सांगितलेले वजन आणि पावती जुळली नाही, तर उरलेले पैसे देण्याआधीच ते बोलून घ्या. बदललेल्या बॉडीची आणि नव्या रिकाम्या वजनाची नोंद आरटीओकडून आरसीवर करून घ्या. पहिली पूर्ण खेप भरल्यावर एकूण आणि मागच्या अ‍ॅक्सलचे अशी दोन वजने घेऊन पावती केबिनमध्ये ठेवा, आणि त्या खेपेला किती थर लावले होते ते पावतीच्या मागे लिहा, म्हणजे चालक बदलला तरी भराई बदलणार नाही.