डेबियन 12 वर आल्यानंतर फाइलरचनेची तपासणी

इंदुरातल्या एखाद्या मराठी वाचनालयाचा जुना संगणक डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीच्या 11 व्या आवृत्तीवरून 12 व्या आवृत्तीवर नेला असेल, तर कामकाज सुरू करण्यापूर्वी त्याच्या मूळ फोल्डरांची रचना नीट पाहून घ्यावी. 2023 मध्ये आलेल्या या आवृत्तीत /बिन, /एसबिन आणि /लिब ही स्वतंत्र फोल्डरे राहत नाहीत. त्यांच्या जागी /यूएसआरमधील त्याच नावाच्या फोल्डरांकडे नेणारे दुवे असतात. हा बदल आपोआप मागे फिरवण्याची सोय नसल्यामुळे, अद्ययावत करण्याआधीच सदस्यांच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवणे मी अनिवार्य मानतो.

टर्मिनलमध्ये 'एलएस -एलडी' ही आज्ञा या तिन्ही नावांवर चालवावी. ओळीचे पहिले अक्षर 'एल' असेल आणि शेवटी बाणापुढे 'यूएसआर/बिन' असा मार्ग दिसत असेल, तर तो दुवा झाला आहे. 'डी' (म्हणजे अजूनही स्वतंत्र फोल्डर) दिसल्यास स्थलांतर अपुरे राहिले, असे समजावे. बहुधा एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली, एक /बिनमध्ये आणि दुसरी /यूएसआर/बिनमध्ये, सापडल्यामुळे रूपांतर थांबलेले असते. कोणीतरी पूर्वी हाताने टाकलेली फाइल कोणती, हे 'डीपीकेजी -एस' (मोठ्या लिपीतला एस; फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे सांगणारी आज्ञा) वापरून शोधून ती बाजूला ठेवावी आणि हे रूपांतर करणारे 'कन्व्हर्ट-यूएसआरमर्ज' पुन्हा चालवावे; घाईने कोणतीही फाइल पुसू नये.

यानंतर संगणक पुन्हा सुरू करून पाहावा, विशेषतः /यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या स्वतंत्र भागावर) असल्यास, आणि छपाई व रोजचा बॅकअप घेणाऱ्या स्वतःच्या स्क्रिप्ट एकेक करून चालवून पाहाव्यात.