डोळे खाजतात म्हणून थेंब सोडताय? आधी या चुका टाळा

आमच्या फ्रीजच्या दारात, अंड्यांशेजारी, एक इवलीशी बाटली पडून असायची. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची धूळ उडायला लागली, कुणाचेही डोळे खाजले, की तीच बाहेर निघायची. दुसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी आमची एक पाहुणीही तीच मागून न्यायची.

लाली इतक्या झटपट का जाते, हे आम्ही कधी विचारलंच नाही. ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबून टाकणारं औषध, असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल असलं काही दिसलं तर ते स्टेरॉइडच. आठवडेच्या आठवडे घातलं तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. या दाबानं काचबिंदू होऊन आतली नस खराब झाली की गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर धरतो. डोळ्यात विषाणूची जखम असेल तर ती आणखी चिघळते. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण मोजके दिवस आणि दाब तपासून. ओलोपॅटाडीन, केटोटिफेन ही ॲलर्जीची औषधं वेगळी, त्यांत स्टेरॉइड नसतं.

सगळ्यात जास्त काळजी पोरांची वाटते. दर उन्हाळ्यात डोळे चोळणारं पोर घरात असलं की गेल्या वर्षीची चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून तेच औषध आणलं जातं. तसं करू नका, दर वेळी डोळे तपासूनच घ्या.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी: घरात कुणाला काचबिंदू आहे का, दिवस गेलेत किंवा बाळ अंगावर पितंय का, दुसरे कुठले थेंब चालू आहेत का. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढून थेंब सोडा आणि पंधरा मिनिटांनी परत घाला. डोळा लाल असेल तर लेन्स नकोच.

दुकानातही कान उघडे ठेवा. कानाच्या थेंबांची बाटली अगदी डोळ्याच्या बाटलीसारखीच असते. आपल्याकडं बेळगाव-निपाणी भागात दुकानदार कन्नडमध्ये ‘कण्णिगे’ म्हणाला तर डोळ्याला, ‘किविगे’ म्हणाला तर कानाला!

थेंब एकच पुरतो, दुसरा गालावरच ओघळतो. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. थेंब सोडल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दोन औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहा. बहुतेक बाटल्या महिन्याभरात टाकायच्या असतात.

डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा घट्ट पिवळी घाण येत असेल तर ती नुसती ॲलर्जी समजू नका. त्याच दिवशी बेळगावला डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

आमची ती बाटली फोडून अकरा महिने झाले होते.