लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत जायचंय? या चुका टाळा

मी ईएमईतून, म्हणजे लष्कराची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोरमधून निवृत्त झालो, आता टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो. खानापूर, येळ्ळूरकडची पोरं संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. परवा एकानं मोबाईलवर ‘३५टी’ दाखवलं. गुप्तवार्ता विभागाच्या यंत्रणा चालू ठेवणारा जवान, प्रशिक्षण फोर्ट हुआचुकात. “काका, याची भरती बेळगावात कधी असते ओ?” अरे, ते ॲरिझोनात आहे! तो ट्रेड अमेरिकेच्या लष्कराचा.

आपल्याकडं वायरलेस, रडार, रात्री पाहायच्या दुर्बिणी यांची दुरुस्ती ईएमई बघते. ही कोर १९४३ ची, केंद्रं सिकंदराबाद आणि भोपाळला. घराजवळ आहे म्हणून मराठा सेंटरच्या, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या गेटवर चौकशी करणारेही भेटतात. ते १९२२ पासून बेळगावात आहे खरं, पण ते पायदळाचं. दुरुस्तीच्या कामात शिरायचं तर अग्निवीर टेक्निकलची भरती; तिला बारावी सायन्स लागतं: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, इंग्रजी, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. दहावीनंतर ठरावीक आयटीआय ट्रेडचाही रस्ता आहे. इंग्रजीत ३८ पडले की बाकीचे ८० वाया, हे पोरांना फॉर्म भरतानाच कळतं.

आता टेबलावरच्या चुका.

सगळ्यात महागाची चूक मी स्वतः केलीय. नवा होतो. एक वायरलेस सेट मध्येच मुका व्हायचा. मी घाईनं आतली तीन कार्डं (सर्किटच्या पाट्या) एकदम बदलली. सेट बोलला, मी खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुका. उस्तादांनी कार्डांकडं पाहिलंसुद्धा नाही. अँटेनाच्या केबलचा कनेक्टर काढून उजेडात धरला. मधली पिन केसभर वाकली होती. केबल हलली की संपर्क सुटायचा. कार्डं बदलताना मीच ती हलवली होती. तीन चांगली कार्डं नाहक स्टोअरला गेली आणि मला लॉगबुकात सगळं लिहावं लागलं. तेव्हापासून आधी बॅटरी, मग फ्यूज, मग कनेक्टर, मग केबल. कार्ड शेवटी, तेही एका वेळी एकच.

फ्यूज उडाला की जास्त अँपिअरचा घालणं ही तर आपल्या गल्लीतली सवय. फ्यूज वाचतो, सेट जळतो. सप्लाय चालू ठेवून ओहम मोजू नका. रीडिंग खोटं येतं, मीटरही जातो. अँटेना किंवा तिच्याऐवजी पॉवर झेलणारा डमी लोड न जोडता ट्रान्समिट दाबलं तर पॉवर उलटी फिरून आउटपुट स्टेजवर येते. कनेक्टरवरची काळपट कीट काढायला सँडपेपर घेतला की सोन्याचा मुलामा निघून जातो. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं.

अंगातली स्टॅटिक वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा न बांधणाऱ्यांना मी हसून सोडत नाही. ही स्टॅटिक साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढं गेली तरच आपल्याला चटका जाणवतो. नाजूक आयसी (चिप) शंभर व्होल्टच्या आतही मरते, आणि पुष्कळदा अर्धमेली होऊन महिन्यानं दगा देते. आमच्या पावसाळ्यात दमट हवेत हे कमी घडतं, उत्तरेच्या कोरड्या थंडीत भरपूर.

शेवटची चूक मोबाईलची. उघडलेल्या सेटचा फोटो मित्राला, “बघ रे, हे काय असेल?” म्हणून पाठवायचा नाही. सेट चालू करून देणं तुमचं काम, त्यात काय ऐकू येतं ते नाही. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, १९२३ चा असला तरी आजही लागू आहे, आणि गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही लागतो.