नव्या पिस्तुलात थोडक्या खर्चात करण्याजोग्या सुधारणा

नवे पिस्तूल हाती आले की त्यावर काय काय बसवता येईल, याचे विचार लगेच सुरू होतात. तरीही पहिली २०० ते ३०० काडतुसे ते जसे आले तसेच चालवून पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मूठ कुठे टोचते आणि नेम कुठे सरकतो, हे त्याशिवाय कळत नाही. पिस्तुलावर कोणतेही काम करण्यापूर्वी मॅगझिन (काडतुसांचा खण) बाहेर काढावे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

पहिले लक्ष मुठीकडे द्यावे. पॉलिमरच्या अनेक पिस्तुलांसोबत मुठीच्या पाठीमागे बसणारे लहानमोठे भाग पेटीतच मिळतात, आणि ते बदलून पाहायला काहीच खर्च येत नाही. त्यानंतरही हात घसरत असेल तर खरखरीत चिकटपट्टी लावावी. मात्र आधी मूठ अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढावा आणि पट्टी मॅगझिन सोडण्याच्या बटणावर येऊ देऊ नये.

सर्वांत स्वस्त आणि, माझ्या मते, सर्वांत गुणकारी सुधारणा साइटची, म्हणजे नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे-मागे बसवलेल्या खुणांची आहे. बऱ्याच पिस्तुलांवर पुढे एक आणि मागे दोन असे तीन पांढरे ठिपके असतात, आणि घाईत डोळा नेमका मागच्या ठिपक्यांवर अडकतो. मागचे दोन्ही ठिपके काळ्या मार्करने झाकावेत. पुढच्या साइटवर आधी नेलपॉलिशचा पांढरा थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर भडक नारिंगी रंगाचे दोन पातळ थर चढवावेत. खाली पांढरा असला की नारिंगी अधिक उठून दिसतो. गोळ्या सातत्याने डावीकडे लागत असतील तर मागची साइट उजवीकडे सरकवायची असते, पण त्याआधी हात टेकवून पाच गोळ्या झाडून पाहाव्यात, कारण बहुतेक वेळा दोष साइटचा नसून ट्रिगर झटक्याने ओढण्याचा असतो.

दोन जादा मॅगझिन घेऊन त्यांच्या तळाशी क्रमांक लिहावेत, म्हणजे काडतूस अडकल्यास दोष कोणत्या मॅगझिनचा हे लगेच उमगते. होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगण्याचे म्यान, कडक हवे, आणि त्यात ट्रिगरचा भाग पूर्ण झाकला गेला पाहिजे. इथे काटकसर करू नये.

ट्रिगरच्या आतल्या भागांना मात्र स्वतः हात लावू नये. हलक्या स्प्रिंगमुळे काडतूस न फुटण्याची भीती असते, आणि चुकीच्या घासकामाने पिस्तूल आपोआप उडू शकते. ट्रिगर मऊ वाटावा असे वाटत असेल तर सरावाची नकली काडतुसे घेऊन रोज १० मिनिटे कोरडा सराव, म्हणजे गोळी न झाडता नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव, करावा. पॉइंट टूटू (.२२) जातीच्या लहान काडतुसांच्या पिस्तुलात मात्र रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबण्यापूर्वी माहितीपुस्तिका वाचावी, कारण काही मॉडेलांत फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी खीळ) चेंबरच्या कडेवर आदळून ती कड दबते.