सीएमएस निवडताय? डेमो बाजूला ठेवा, आपला मराठी मजकूर टाकून बघा

सीएमएस म्हणजे वेबसाइटवर मजकूर टाकायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर. त्यात वर्डप्रेस घेऊ, ड्रुपल घेऊ का जूमला, असं कुणी विचारलं की लगेच कोणीतरी फीचर्सचा तक्ता पुढे करतं. मल्टीलिंग्वल आहे का, टिक. युजर रोल्स आहेत का, टिक. या तक्त्यावरून निवड करू नका, खरंच नका. ड्रुपल २००१ चं, वर्डप्रेस २००३ चं, जूमला २००५ मध्ये माम्बो नावाच्या सीएमएसमधून फुटून निघालेलं. तिन्ही पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेवर, तिन्ही जीपीएल या मुक्त लायसन्सवर. एवढी वर्षं टिकलेल्या सॉफ्टवेअरला टिक सगळीकडेच लागणार, त्यातून कळणार काहीच नाही.

कळतं ते आपला कंटेंट आत ओतल्यावर. आणि डेमोतला कंटेंट असतो इंग्रजी, आपला क्लायंट मराठी. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण आमचे हाल इथेच झाले.

काम होतं पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशकांचं, जुन्या दिवाळी अंकांचं संग्रहण. वर्डप्रेस टाकलं, पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा पत्ता, पोस्टच्या नावावर ठेवली, दिसायला सगळं झकास. मग प्रकाशक काका म्हणाले की अहो, या सगळ्या मुलाखतींच्या लिंक सारख्याच का दिसतायत? बघतो तर प्रत्येक लिंक अर्ध्यात तुटलेली आणि पुढे नुसते दोन, तीन, चार असे आकडे.

होतं काय, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजायचे. यूआरएलसाठी, म्हणजे वेबपत्त्यासाठी, एन्कोड केलं की एका बाइटची ३ अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाची ९. वर्डप्रेसमध्ये स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या शीर्षकाच्या तुकड्याला, जागा २०० अक्षरांची. इंग्रजी शीर्षकाला ती रग्गड होते, मराठीत मात्र २०० भागिले ९, जेमतेम २२ चिन्हं. 'ज्येष्ठ' या एका शब्दात ७ जातात, 'साहित्यिकांशी' मध्ये १३. म्हणजे 'ज्येष्ठ साहित्यिकांशी गप्पा' आणि पुढे त्या लेखकाचं नाव असं शीर्षक दिलं तर स्लग उरतो 'ज्येष्ठ-साहित्यिकांशी-गप'. गप! नाव तर लांबच, गप्पासुद्धा पूर्ण होत नाहीत. त्याच सदरातली पुढची मुलाखत टाकली की स्लग आधीच वापरलाय म्हणून मागे आकडा लागतो, आणि त्या आकड्याला जागा करायला अजून एक अक्षर जातं.

हा बग नाही, आणि वर्डप्रेस वाईट आहे असंही नाही. जूमलात स्लगला एलियास म्हणतात, तिथे युनिकोड एलियासचं सेटिंग मुळात बंद असतं, ते चालू न करता पूर्ण मराठी शीर्षक दिलं तर एलियास म्हणून चक्क तारीख आणि वेळ येते. ड्रुपलमध्ये आपोआप यूआरएल हवी तर पाथऑटो नावाचं मॉड्यूल, म्हणजे वरून जोडायचा भाग, घालावं लागतं, ते रोमनमध्ये लिप्यंतर करून देऊ शकतं पण ते रोमन वाचताना कधीकधी हसू येतं. प्रत्येकाचं काहीतरी आहे. फक्त ते साइट लाइव्ह जायच्या आधी माहीत पाहिजे, कारण लिंका व्हॉट्सॲपवर फिरल्या की मग आवरणं अवघड. वर्डप्रेस पोस्टचा जुना स्लग लक्षात ठेवून नवीन पत्त्यावर पाठवतं, तेवढा दिलासा आहे. तरी शेकडो लेखांचे स्लग हाताने रोमनमध्ये बदलत बसणं काय असतं ते मला विचारू नका. पहिल्या दिवशीच ठरवा, रोमन स्लग हाताने टाकायचा का सरळ पोस्टचा आयडी, म्हणजे क्रमांक, पर्मालिंकमध्ये घ्यायचा. मी आता आयडी घेतो, साइट गूगलमध्ये वर आणणारे एसईओवाले नाकं मुरडतात, मुरडू देत.

सर्चचंही तसंच. 'दुसऱ्या' मधला तो ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो, कीबोर्डप्रमाणे आतले कोड वेगळे, डोळ्याला फरक शून्य. 'ॲ' चंही तेच. दोन्ही प्रकारे लिहिलेले लेख टाका आणि शोधून बघा काय सापडतं. आणि प्रकाशकाकडची जुनी फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली असेल तर ती युनिकोड करून घ्यायचे दिवस कोटेशनमध्ये वेगळे लिहा. कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी कुठे नेऊन ठेवेल सांगता येत नाही, मुद्रितशोधन लागतंच.

बाकीचं पटकन सांगतो. सपोर्ट कधी संपतोय ते बघा. ड्रुपल ७ आलं २०११ मध्ये, सपोर्ट संपला ५ जानेवारी २०२५ ला, आणि तिथून पुढच्या ड्रुपलवर जाणं म्हणजे अपडेट नव्हे, जवळपास नवीन साइट. जूमला ३ चा सपोर्ट ऑगस्ट २०२३ ला संपला. अजूनही 'रेडीमेड' म्हणून या जुन्या साइट गळ्यात मारणारे लोक आहेत, लांब राहा. सिक्युरिटी हलक्यात घेऊ नका, १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधल्या एका भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, आला आणि नंतर त्यांच्याच टीमने सांगितलं की ७ तासांत ज्यांनी तो लावला नाही त्यांनी साइट हॅक झालीय असंच धरून चालावं. सात तास! क्लायंटची साइट अपडेट कोण करणार हे आधी कागदावर घ्या. पेज बिल्डर, म्हणजे पान ओढून-सोडून रचायचं साधन, वापरणार असाल तर तो एकदा बंद करून बघा, मागे वाचण्यासारखा मजकूर उरतो का नुसता शॉर्टकोडचा, म्हणजे कंसातल्या खुणांचा, कचरा. फुकटात मिळणाऱ्या क्रॅक्ड थीमबद्दल मी बोलणारच नाही, रक्तदाब वाढतो.

हे सगळं शिकायला मेंटॉर शोधत असाल तर जो प्रश्न ऐकायच्या आधीच उत्तर देतो तो सोडा. आमच्या एका सिनियरचं ठरलेलं होतं, कुठलाही क्लायंट येवो, हेच टाक. त्यापेक्षा 'रोज मजकूर कोण टाकणार आहे?' असं आधी विचारणारा माणूस शोधा. क्लासवाले तीन महिन्यांत सगळं शिकवतात म्हणतात, इन्स्टॉल करायला शिकवतात हे खरं, ते तुम्ही घरी एका संध्याकाळी शिकाल. पुण्यात वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांची संमेलनं, झालेत, मीटअप होतात, तिथे गप्प बसून ऐकलं तरी पुष्कळ मिळतं.

आणि घाबरू नका हो. वरचं सगळं वाचून वाटेल की हे आपल्याला झेपायचं नाही. झेपतं. लॅपटॉपवर दोन सीएमएस लोकलला, म्हणजे इंटरनेटवर न चढवता, टाका, क्लायंटकडून खरे लेख मागून घ्या, त्यातले सगळ्यात लांब शीर्षकाचे निवडा, फोटो, तळटीपा, कवितेच्या ओळी सगळं असू दे, आणि तेच लेख दोन्हीकडे भरा. मग ज्या काकांना किंवा मावशींना रोज ते वापरायचंय त्यांना शेजारी बसवा आणि माउसला हात लावू नका. ते कुठे अडकतात ते लिहून घ्या. या कामाचे पैसे वेगळे लावा, आपल्याकडे 'आधी दाखवा तर खरं, मग बघू' म्हणणारे भरपूर भेटतात. त्यांना स्क्रीनशॉट पाठवा, चालू साइट देऊ नका.