आधी ओलावा, मग आगपेटी: हाताने वळलेली सिगार कशी चाखावी

परदेशातून आलेल्या नातेवाइकाने चांगली सिगार हाती दिली, की ती त्याच संध्याकाळी छपरीत बसून पेटवावीशी वाटते. विदर्भातल्या चैत्र-वैशाखात एवढी घाई करू नये. बाहेर 45 अंश तापमान आणि कोरडी झळ असली, की उघडी सिगार काही दिवसांतच पापडासारखी होते. अशी सिगार भराभर जळते, धूर तापतो, जीभ पोळते. मग ओढणारा म्हणतो, यापेक्षा आपली बिडी बरी. खरा दोष ठेवण्यात झालेला असतो, पानात नव्हे.

सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान मानवते. त्यासाठी लाकडी ह्युमिडोरच, म्हणजे सिगारचा ओलावा राखणारी खास पेटीच, हवी असे नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा, ओलावा राखणारे 65 टक्क्यांचे पाकीट आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर एवढ्यावर भागते. मीटर आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि थेंबथेंब पाणी घालून त्याचा चिखल करा. वर पाणी तरंगता कामा नये. हे झाकण मीटरसोबत हवाबंद डब्यात आठ तास ठेवले, की आकडा 75 यायला हवा. 71 आला तर पुढे प्रत्येक वेळी 4 मिळवून वाचा. सुकलेली सिगार मूळ पदावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. ओल्या फडक्यात गुंडाळून घाई केली, तर आतले पान आधी फुगते आणि वरचे तडकते.

तापमानाचे काय? 21 अंश कवेलूच्या घरात मे महिन्यात कुठून आणायचे! डबा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, माठाच्या तिवईखाली ठेवा. झाकण घट्ट असेल तर माठाची ओल आत शिरत नाही. कूलरसमोर उघडी सिगार मात्र ठेवू नका, ती ओल कधी कमी तर कधी जास्त असते. पारा 24-25 च्या वर राहिला, तर तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसू लागतात. तसे दिसले तर भोके पडलेली सिगार काढून टाका. उरलेल्या बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि त्यानंतरच बाहेर काढा. मध्येच लाइन गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. पावसाळ्यात उलटा त्रास: पांढरी, केसाळ बुरशी. टोकाकडून आत गेलेली असेल तर ती सिगार फेकून द्या.

आता चाखण्याकडे. सिगारमध्ये तीन थर असतात: आत फिलर, त्याला बांधणारे बाइंडर आणि सर्वांत वर रॅपर. बिडीत तेंदूपत्ता फक्त वेष्टन असतो. इथे तिन्ही थर तंबाखूच्याच पानांचे. झाडाच्या शेंड्याकडची पाने कडक, बुडाकडची सौम्य पण चांगली जळणारी. वळणारा त्यांचा मेळ घालतो. पहिल्यांदा रोबुस्टो आकाराची घ्यावी: 5 इंच लांब, 50 रिंग गेज, म्हणजे जवळजवळ 20 मिलिमीटर जाड. ती पाऊण ते एक तास चालते. बोटांत हलके दाबून पाहा. किंचित दबून परत वर आली तर तयार, करकर वाजली तर परत डब्यात.

पोट रिकामे नसावे. पण सावजी रस्सा किंवा तर्री-पोहे हाणून लगेच बसू नका, निदान तासभर थांबा. तिखटाने सुन्न झालेल्या जिभेला काही कळत नाही. सोबत साधे पाणी किंवा कोरा चहा.

बंद टोकावरची टोपी दीड-दोन मिलिमीटरच कापा, दोन पात्यांच्या कटरने, एका झटक्यात. खोल कापले तर रॅपर सुटत जाते. अडकित्ता वापरू नका. तो सुपारी फोडायला आहे, सिगारचे टोक त्यात चेपते. कापल्यावर न पेटवताच एक झुरका घ्या. वाळलेले गवत, मनुका, कधी मोहफुलासारखा गोडसर वास येईल. हवा येतच नसेल तर सिगार घट्ट वळलेली आहे. दोन बोटांत हलकेच फिरवून मोकळी होते का ते पाहा.

पेटवायला ब्युटेन लायटर किंवा लांब काडी. काडीवरचा गंधक आधी जळू द्या. रॉकेल, मेणबत्ती आणि चुलीतले कोलीत तिन्ही आपला वास देतात. सिगारचे दुसरे टोक ज्योतीच्या वर, बोटभर अंतरावर धरून फिरवत राहा. कड सगळीकडून काळवंडली, की तोंडात धरून फिरवतच दोन-तीन झुरके घ्या.

बिडीवाल्यांची सवय इथे नडते: धूर छातीत ओढायचा नाही. तोंडात दोन-तीन सेकंद घोळवून सोडा. मिनिटाला एक झुरका पुरे. बिडी विझू नये म्हणून सतत ओढतो तसे केले तर चव कडू होते आणि डोके गरगरते. घाम आला, मळमळले तर सिगार खाली ठेवा, मोकळ्या हवेत बसा. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, हे गृहीत धरूनच हौस करावी. एस.टी. स्टँड, हॉटेल, कचेरीत ओढली तर 2003 च्या कायद्याने 200 रुपयांपर्यंत दंड आहे.

खरा वास नाकातून कळतो. तोंडातला बहुतेक धूर सोडून उरलेला थोडासा हळूच नाकावाटे बाहेर काढा. पहिल्या एक-तृतीयांश भागात बहुधा सौम्य, लाकडासारखी चव. मधल्यात भाजलेला हरभरा, कॉफी, गूळ. शेवटी मिरे आणि कडसरपणा. सागाचा भुसा, करडईची ढेप असे आपल्याच घरातले वास आठवून नावे द्या, डब्यावरचे छापील शब्द बाजूला ठेवा.

राख झटकू नका. दोन-तीन सेंटिमीटर झाली की टेकवून पडू द्या. एक बाजू मागे राहिली तर तेवढ्याच कडेला ज्योत दाखवा. वाऱ्यात बसल्यावर हे हमखास होते, म्हणून शेताच्या धुऱ्यापेक्षा भिंतीचा आडोसा बरा. विझली तर राख काढून हलकी फुंक मारा, साचलेला धूर जाऊ द्या, मग पुन्हा पेटवा.

धूर तापू लागला की थांबा. थोटूक चुरडलं तर घरभर वास राहतो. ते मातीच्या वाटीत आपोआप विझू द्या आणि वरून पाणी ओता. घरात कापूस भरलेला असेल किंवा गोठ्याशी तणस रचलेली असेल, तर ही वाटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.