टांकसाळीतली चूक की बाहेरचा मार? विचित्र नाणे पारखताना या चुका टाळा

सुट्या पैशांत एखादे नाणे कड तुटलेले निघाले, त्यावरचे अक्षर गायब असले किंवा चित्र दुहेरी दिसले, की ते ‘एरर कॉइन’, म्हणजे टांकसाळीतच चुकीचे पडलेले नाणे आहे असे मानून थेट किंमत शोधू लागणे ही नवख्या संग्राहकाची पहिली चूक होय. किमतीच्या आधी प्रश्न विचारायचा तो असा, की नाणे घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर हे घडू शकले असते? धातूच्या पट्टीतून चकती कापली जाते, ती तापवून मऊ केली जाते, तिची कड दाबून उचलली जाते आणि मग कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसवून वरच्या व खालच्या डायमध्ये, म्हणजे चित्र कोरलेल्या ठशांमध्ये, ती दाबली जाते. यांपैकी कोणत्याही टप्प्यात न बसणारा दोष टांकसाळीबाहेरचा समजावा.

तुटलेल्या कडेचेच पाहा. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधी पडलेल्या भोकाचा भाग पुढच्या चकतीत येतो आणि चकती चंद्रकोरीसारखी कापली जाते. कड उचलणाऱ्या यंत्रात अशा चकतीला कापलेल्या बाजूने आधार मिळत नसल्यामुळे बहुधा तिच्या बरोबर समोरची कडही दबकी राहते. कानशीने किंवा कात्रीने बनवलेल्या ‘एरर’मध्ये ही समोरची कड ठणठणीत असते आणि कापाजवळची अक्षरे चाकूने छाटल्यासारखी एकाएकी संपतात, खऱ्या कापाजवळ ती किंचित ओढली जाऊन फिकट होत जातात. माझ्या मते बाकी सगळ्या खुणांपेक्षा समोरची कड आधी पाहावी, कारण नकली माल करणाऱ्याच्या ती सहसा लक्षात येत नाही.

वजन न करता मत बनवणे ही दुसरी चूक, आणि चुकीच्या मालिकेशी तुलना करणे ही तिचीच धाकटी बहीण. 2011 च्या मालिकेतले 1 रुपयाचे नाणे 3.79 ग्रॅमचे आहे, तर 2019 च्या मालिकेतले 3.09 ग्रॅमचे, त्यामुळे नवे नाणे ‘पातळ चकतीवर पडले’ असा समज सहज होतो. उलट 2011 पूर्वीचा स्टेनलेस स्टीलचा रुपया आणि 2011 च्या मालिकेतले 2 रुपयांचे नाणे, दोन्ही 4.85 ग्रॅमची व 25 मिलिमीटर व्यासाची आहेत, म्हणून नुसते वजन जुळले की मालिकाही जुळली असे नव्हे. छाप सरकलेल्या नाण्याचे वजन पूर्ण भरते, कारण त्यात धातू कमी होत नाही, फक्त चुकीच्या जागी दाबला जातो. आम्लात बुडवलेल्या नाण्याचे वजन मात्र घटते, त्याची अक्षरे गोळीसारखी विरघळत जातात आणि किनारीवरचे दातेही झिजतात.

चपटे व पसरट नाणे दिसले, की ते कॉलरशिवाय छापले गेले असे सांगितले जाते. तसे खरोखर घडले असेल, तर किनार दातेरहित असली तरी मधले चित्र स्पष्ट व प्रमाणात असते. हातोड्याखाली किंवा रेल्वेच्या रुळावर ठेवलेल्या नाण्यात अक्षरेच फाकतात आणि चित्राचा उठाव दबून जातो. हे निकष यंत्रावर पाडलेल्या नाण्यांपुरतेच आहेत, हे विसरू नये. मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईचा ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे व तो हाताने ठोकला जाई, म्हणून तिच्यावर मजकुराचा एखादा तुकडाच उमटणे ही चूक नव्हे, ती त्या काळची रीत होती. जुन्या रुपयांवर सराफांनी पारख करून मारलेल्या बारीक खुणाही टांकसाळीच्या दोषांत मोजू नयेत.

सर्वांत जास्त फसवणूक ब्रोकेजच्या नावाने होते. आधीचे नाणे डायला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूवर त्याच नाण्याची उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. म्हणजे दोन्ही अंगांना एकच चित्र असते, एकीकडे उठावाचे आणि दुसरीकडे आरशातल्यासारखे खोल. दोन नाणी लोखंडी पकडीत (व्हाइसमध्ये) दाबून केलेल्या नकलेत मूळ चित्राचे अवशेष खोल छापाखाली डोकावतात आणि पाठीमागची बाजू चेपलेली असते.

10 रुपयांच्या दुरंगी नाण्याचा मधला गोळा फिरलेला असेल, म्हणजे वलयावरचा मजकूर सरळ आणि मधला अशोकस्तंभ तिरपा असेल, तर तो दोष नक्कीच बाहेरचा. गोळा आणि वलय एकाच दाबात छापले जातात, त्यामुळे एका बाजूवरची त्यांची दिशा वेगळी असूच शकत नाही. सबंध मागची बाजू पुढच्या बाजूच्या मानाने फिरलेली असणे निराळे. तो डाय फिरल्याचा दोष होय. आपली नाणी पुस्तकाच्या पानासारखी उलटली की दोन्ही बाजू सरळ दिसतात. थोडा तिरपेपणा बऱ्याचदा आढळतो आणि त्याला विशेष मोल नाही. मोठ्या कोनातला दोष मात्र हातोड्याने करता येत नाही, म्हणून मला तो सर्वांत विश्वासार्ह वाटतो. दोन अर्धी नाणी जोडलेली नाहीत ना, एवढे कडेच्या आतल्या बाजूची सांध भिंगाने तपासून पाहावे.

दुहेरी अक्षरांत दुसरी रेघ सपाट पायरीसारखी असून तिने मूळ अक्षराचीच रुंदी खाल्ली असेल, तर तो छापताना डाय हलल्याचा मामुली परिणाम असतो. उंचावलेली वेडीवाकडी रेघ डायला तडा गेल्याची खूण असते, तर खोल गेलेली रेघ बहुधा साधा ओरखडा.

वर्षाखाली खूण नाही म्हणून ‘टांकसाळीची खूण राहून गेली’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. चलनी नाण्यांवर मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटसारखा हिरा, हैदराबादची तारा आणि नोएडाची ठिपका असते. कोलकात्याची खूणच नसते. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क उकळले जाते, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता.

संशय असलेले नाणे चिंचेने, लिंबाने किंवा पितांबरीने घासू नये. पृष्ठभागाची मूळ झळाळी हाच बहुतेक वेळा एकमेव पुरावा असतो आणि घासल्यावर खऱ्या दोषाचे नाणेही संशयित ठरते. नाणे कडेने धरावे, शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलावे आणि दोन्ही बाजूंबरोबर किनारीचेही छायाचित्र काढूनच जाणकाराला दाखवावे.